बारा वर्षांचा चोर आणि त्याची संगत

चोराला बालवाङ्मयाचा नायक करावे काय, असा प्रश्न सुजाण पालक अधूनमधून विचारतात, आणि तो रास्त आहे. त्याचे निमित्त पुष्कळदा एकच असते. आयरिश लेखक ओवेन कोल्फर यांची ‘आर्टिमिस फाउल’ ही इंग्रजी कादंबरीमाला! तिचा पहिला भाग २००१ साली प्रसिद्ध झाला आणि आठवा, म्हणजे अखेरचा, २०१२ साली. नायकाचे वय बारा. घराणे पिढीजात गुन्हेगारांचे, आणि पोर बापाच्याही वर ताण. असली पुस्तके शाळेच्या कपाटात ठेवणे कित्येकांना रुचत नाही. आमचे मत मात्र याच्या उलट आहे.

प्रथम परीविषयी दोन शब्द. ‘परी’ हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला व येताना पंख आणि सौंदर्य घेऊन आला. कोल्फर यांच्या कथांतील लोक तसे नाहीत. आयर्लंडच्या जुन्या दंतकथांत ‘तुआहा दे दानन’ नावाची एक दैवी जमात आहे. माणसांच्या पूर्वजांकडून पराभूत झाल्यावर ती टेकड्यांच्या पोटात, जमिनीखाली राहावयास गेली, असे त्या सांगतात. आयरिश खेडुताला या भूमिगत लोकांविषयी कौतुकापेक्षा दराराच अधिक. १९९९ साली क्लेअर परगण्यात लाटून या ठिकाणी मोठा रस्ता बांधावयाचा होता. त्याच्या वाटेवर या लोकांचे मानले गेलेले एक काटेरी झुडूप उभे होते. एडी लेनिहन या लोककथाकाराने त्यासाठी आवाज उठविला आणि झुडूप राखून रस्ता आखण्यात आला. गावच्या देवचाराला रोट ठेवणाऱ्या आम्हां गोमंतकीयांना यात हसण्यासारखे काही वाटू नये!

याच समजुतींवर कोल्फर यांनी आपला डोलारा उभारला आहे. जुन्या कथेत लेप्रेकॉन नावाचा एक बुटका मोची असतो. त्याला जो पकडील त्याला तो आपले सोने देतो. कोल्फर यांनी हे नाव भूमिगत पोलिसांच्या एका तुकडीला दिले आणि सोने हस्तगत करण्याचे काम एका शाळकरी मुलाला. तो हो ची मिन्ह शहरी जातो. तेथे व्यसनाने खंगलेल्या एका परीला औषधाचे आमिष दाखवितो आणि तिच्याजवळचा गुप्त ग्रंथ अर्धा तास मिळवून त्याची लिपी उलगडतो. त्या ग्रंथातून त्याला एक गोष्ट कळते. या लोकांची शक्ती ओसरली की पौर्णिमेच्या रात्री नदीच्या वळणावरील जुन्या ओक वृक्षाचे बी घेऊन ते अन्यत्र पेरावे लागते. मग तो अशाच एका वृक्षापाशी दबा धरतो, हॉली शॉर्ट या पोलीस अधिकारी स्त्रीचे अपहरण करतो आणि चोवीस कॅरटच्या एक टन सोन्याची खंडणी मागतो.

अपहरण, खंडणी, आजाऱ्याची फसवणूक, हे सारे बारा वर्षांचा मुलगा थंड डोक्याने करतो. पालकांचा आक्षेप आहे तो येथेच. आपल्या रंगभूमीला चोराचे वावडे कधीच नव्हते. ‘मृच्छकटिका’तील शर्विलक जानव्याने भिंतीची मापे घेतो, आणि तरी प्रेक्षक त्याच्या बाजूने असतो, कारण त्याला मदनिकेची दास्यातून सुटका करावयाची असते. आर्टिमिसचीही एक बाजू आहे. बापाचे जहाज उत्तरेकडील रशियन समुद्रात बुडाले व तो बेपत्ता झाला. आईचे चित्त भ्रमले आणि पोटच्या मुलाला ती ओळखीनाशी झाली. पण एवढ्या सबबीवर आम्ही त्याची वकिली करणार नाही. दुःखी मुले पुष्कळ असतात, ती खंडण्या मागत नाहीत.

आमचे म्हणणे निराळे आहे. या मुलाची बुद्धी अफाट आहे आणि जगात त्याला कोणी नाही. दुसऱ्या भागाच्या आरंभी शाळेतील मानसोपचारतज्ज्ञ त्याला विचारतो, तुला आदर वाटतो असे कोण आहे? तो आइन्स्टाइनचे नाव घेतो, आर्किमिडीजचे घेतो. तुझ्या प्रत्यक्ष ओळखीचे कोणी, असे विचारताच त्याला एकही नाव सुचत नाही. या प्रसंगाशी आम्ही बराच वेळ थांबलो. वर्गात पहिला येणारा मुलगा मधल्या सुट्टीत कोणाबरोबर डबा खातो, याची चौकशी आपण शिक्षक कितीशी करतो? गुणपत्रिकेत त्यासाठी रकाना नसतो.

आता हॉलीकडे पाहा. आमच्या मते या मालेची खरी नायिका तीच. त्या तुकडीतील ती पहिली स्त्री अधिकारी. तिचा वरिष्ठ ज्युलियस रूट तिच्यावर सतत डाफरत असतो. तिच्या हातून चूक झाली तर पुढच्या साऱ्या स्त्रियांची वाट बंद होईल, हे तो जाणतो व म्हणूनच तिला सवलत देत नाही. कैदेत पडलेली हॉली रडत बसत नाही. तिच्याजवळ ओकचे एक बी असते, परंतु पेरावयास माती नसते. मग ती कोठडीतला पलंग जमिनीवर आपटून आपटून काँक्रीट फोडते आणि खालच्या मातीत बी पुरते. तिची शक्ती परत येते. त्या शक्तीचा उपयोग ती कशासाठी करते? तिला पकडणाऱ्याचाच अंगरक्षक बटलर ट्रोल नावाच्या राक्षसी प्राण्याच्या तावडीत सापडून मरणोन्मुख होतो, तेव्हा ती त्याला वाचविते. शेवटी आर्टिमिस निम्मे सोने तिला परत करून आईचे चित्त ठिकाणावर आणण्याची याचना करतो. त्याने केलेला हा पहिलाच तोट्याचा सौदा. लेखक येथे व्याख्यान देत नाही. पूर्वी प्राथमिक शाळेत शिक्षक असूनही देत नाही, हे विशेष!

बटलरविषयीही लिहिलेच पाहिजे. अंगरक्षकाने धन्याला आपले पहिले नाव कधी सांगू नये, अशी त्याच्या पेशाची शिस्त आहे. तिसऱ्या भागात गोळी लागून तो मरणपंथाला लागतो तेव्हा आर्टिमिसला ते नाव सांगतो : डोमोव्हॉय. स्लाव्ह लोककथांत घराची राखण करणाऱ्या देवतेचे हे नाव आहे. आपल्याकडील राखणदाराचाच हा दूरचा भाऊ म्हणावा.

आम्हांस ही माला महत्त्वाची वाटते ती तिसऱ्या व चौथ्या भागांच्या सांध्यामुळे. (ज्यांनी ती वाचली नसेल त्यांनी हा परिच्छेद गाळला तरी चालेल.) तिसऱ्या भागाअखेर भूमिगत लोक आर्टिमिसच्या स्मृतीतून आपल्याविषयीचे सारे पुसून टाकतात. बुद्धी शाबूत राहते, फक्त हॉली आणि इतर सोबती जातात. चौथ्या भागात काय दिसते? हा मुलगा म्युनिकच्या बँकेतून एक चित्र चोरीत आहे! सुधारलेला मुलगा मूळ पदावर आला, कारण ज्यांच्या सहवासात तो सुधारला होता त्यांची आठवणच नाहीशी झाली. चांगुलपणा हा माणसाच्या एकट्याच्या मालकीचा दागिना नव्हे, हे इतक्या स्पष्टपणे मांडणारे बालवाङ्मय आमच्या पाहण्यात थोडे आहे. ज्याच्या अंगठ्याएवढीही माया कोणाशी जडली नाही, अशी तीक्ष्ण बुद्धीही या कथेत आहे. ती ओपल कोबोईची. ती आर्टिमिसइतकीच हुशार आहे, आणि चौथ्या भागात ज्युलियस रूटचा बळी तीच घेते.

स्मृती पुसली जाण्यापूर्वी आर्टिमिस स्वतःसाठी एक खूण मागे ठेवतो, आणि ती सोपवितो मल्च डिगम्सकडे. हा मल्च माती खाऊन भुयारे खणणारा ठेंगू व अट्टल चोर. त्याच्या पचनक्रियेची वर्णने मुलांना फार आवडतात, शिक्षकांना तितकी नाहीत. लॉस एंजलिसमध्ये हा गृहस्थ चित्रपटांची ऑस्कर पारितोषिके चोरीत हिंडतो, पण ती खूण तो जपून ठेवतो व आर्टिमिसच्या हाती परत देतो.

मल्चपाशी आमचे एक गाऱ्हाणे मात्र आहे. दोघेही चोर, परंतु ठेंगू वरचेवर तुरुंगात आणि आर्टिमिस आपल्या प्रासादात. पुढे मल्च सुटतो तोही आर्टिमिसने झडतीच्या परवान्यावरील तारीख गुपचूप बदलविल्यामुळे, म्हणजे पुन्हा लबाडीनेच. श्रीमंताच्या चोरीला बुद्धिचातुर्य म्हणावे आणि गरिबाच्या चोरीला चोरी, ही जगाची रीत लेखकाने तशीच ठेवली आहे. ती विनोदाच्या भरात राहिली की जाणूनबुजून, याचा वाद वर्गात अवश्य व्हावा.

२०२० साली या कथांवर चित्रपट निघाला. त्यात आर्टिमिसचे गुन्हे इतके सौम्य केले आहेत की तो चार भल्या मुलांसारखा एक भला मुलगा उरतो. आक्षेप घेणाऱ्या पालकांनी तो निर्धास्तपणे पाहावा. मुलांना मात्र पुस्तके द्यावीत, तीही क्रमाने, आणि तिसरे परत करावयास आलेल्या मुलाच्या हाती ग्रंथपालांनी चौथे लगेच ठेवावे.