खूण सापडली, पण ती टिकली का?



तुमच्या वर्गात चाळीस मुले आहेत असे समजा. प्रत्येकाने एक नाणे पाच वेळा उडवावे. पाचही वेळा छापा पडला, असा एखादा विद्यार्थी बहुधा निघेलच. त्याच्या हातात जादू आहे, असे तुम्ही म्हणाल का? नाही. "पुन्हा उडवून दाखव," असेच म्हणाल. कर्करोगावरील संशोधनाच्या बातम्या वाचतानाही आपण हाच हट्ट धरला पाहिजे, असे मला वाटते.

माणसाच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत प्रथिनांची माहिती असलेली सुमारे २०,००० जनुके असतात. पण ती सगळी सगळीकडे काम करीत नाहीत. जठराच्या पेशीत काही जागी असतात, तर काही झोपलेली. जाग्या जनुकाची आर.एन.ए.च्या रूपात नक्कल निघते आणि तिच्यावरून प्रथिन तयार होते. यालाच जनुकाची अभिव्यक्ती म्हणतात. कर्करोगात हा क्रम बिघडतो. म्हणून अन्ननलिकेतील किंवा जठरातील गाठीचा तुकडा घेऊन, कोणत्या जनुकांचे काम वाढले वा मंदावले हे शास्त्रज्ञ मोजतात आणि त्यांतून रोगाची खूण शोधतात.

अडचण इथेच आहे. निव्वळ योगायोगाने फरक दिसण्याची शक्यता शंभरात पाच धरली, तरी २०,००० जनुकांपैकी सुमारे १,००० जनुके विनाकारण 'खूण' म्हणून पुढे येतील! गणिताची कडक चाळणी लावून त्यांतली पुष्कळशी गाळता येतात. पण खरी परीक्षा होते ती नव्या रुग्णांवर.

अशा परीक्षेला उतरलेली एक खूण म्हणजे 'हर-२'. जठराच्या काही गाठींत या जनुकाच्या प्रती वाढतात आणि त्याचे प्रथिन पेशींच्या पृष्ठभागावर दाटते. या प्रथिनाला चिकटणारे औषध म्हणजे ट्रास्टुझुमॅब. ही खूण असलेल्या व रोग बळावलेल्या ५९४ रुग्णांचे यदृच्छेने दोन गट केले गेले. एका गटाला केवळ केमोथेरपी मिळाली, दुसऱ्याला तिच्या जोडीला हे औषध. निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाला. रुग्ण किती काळ जगले याचा मध्यक ११.१ महिन्यांवरून १३.८ महिन्यांवर गेला. ज्यांच्या गाठीत प्रथिन भरपूर होते, त्यांच्यात तो ११.८ वरून १६ महिने झाला. जनुकाच्या प्रती वाढल्या, पण प्रथिन फारसे नव्हते, अशांना मात्र फायदा दिसला नाही. म्हणजे जनुक नुसते असून भागत नाही. ते बोलले पाहिजे.

कोणी म्हणेल, रोगी अंथरुणाला खिळलेला असताना पडताळणीसाठी थांबायचे कशाला? पण खोट्या खुणेवर विसंबले, तर रोग्याला निरुपयोगी औषध मिळते. खर्च होतो, त्रास होतो आणि मोलाचा वेळ वाया जातो. घाई ही दया नव्हे.

म्हणून 'कर्करोगाचे जनुक सापडले' असा मथळा दिसला, की लगेच टाळ्या वाजवू नका आणि नाकही मुरडू नका. एवढेच विचारा: किती रुग्ण तपासले? दुसऱ्या रुग्णांवर पुन्हा पडताळले का? त्यामुळे उपचारात काही बदल झाला का?

शिक्षकांनी नाण्याचा हा प्रयोग वर्गात अवश्य करून पाहावा. पाच छापे मिळविणाऱ्याला पुन्हा उभे करा. विज्ञान त्या दुसऱ्या फेरीपासून सुरू होते.