बातमीत मंडळाचं नाव हवं

‘जळकोट तालुक्यात मुसळधार पाऊस, पिकांचे अतोनात नुकसान, शेतकरी हवालदिल.’ अशा धाटणीची बातमी पावसाळ्यात हमखास छापून येते. तीत खोटं काही नसतं. पण याच तालुक्यातल्या घोणसीच्या शेतकऱ्याला तिचा उपयोगही काही नसतो.

सरकारदरबारी अतिवृष्टी ठरते ती महसूल मंडळावरून, म्हणजे तालुक्यातल्या काही गावांच्या गटावरून. मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला, तरच तशी नोंद होते. पिकाच्या मदतीसाठी नुकसान किमान 33 टक्के असावं लागतं. मंडळ कोणतं, पाऊस किती मिलिमीटर, पंचनामे सुरू झाले का, हे तीन प्रश्न विचारायला पत्रकारितेची पदवी लागत नाही. आकडा तहसील कार्यालयात मिळतो. तो घेऊन वार्ताहराने शिवारात जावं. सोयाबीन पाण्यात उभं आहे की शेंगांना कोंब फुटलेत, हे डोळ्यांनी पाहावं. पर्जन्यमापक कोरडा आणि शिवार पाण्याखाली असं दिसलं, तर खरी बातमी तीच.

शेजारच्या मुखेड तालुक्याचं उदाहरण घ्या. ऑगस्ट 2025 मध्ये हसनाळ, रावणगाव ही गावं पाण्यात गेली, माणसं दगावली, बचावासाठी लष्कराला बोलवावं लागलं. मुख्यमंत्र्यांनी 206 मिलिमीटर पावसाचा आकडा सांगितला. लातूर, उदगीर आणि कर्नाटकातून पाण्याची मोठी आवक झाल्याचंही सांगण्यात आलं. गावकऱ्यांचं बोट मात्र लेंडी धरणाकडे होतं: पुनर्वसन अर्धवट असताना घळभरणी, म्हणजे धरणाच्या भिंतीतली मोकळी जागा बुजवण्याचं काम, का केली? अशा वेळी नुसतं ‘ढगफुटीने हाहाकार’ लिहिलं की गावकऱ्यांचा हा प्रश्न आपोआप बाजूला पडतो. घळभरणी केव्हा झाली, पुनर्वसनाच्या यादीतल्या किती कुटुंबांना घर मिळालं, याचे कागद माहिती अधिकारात मागता येतात. अर्जाला 10 रुपये लागतात, उत्तराची मुदत 30 दिवसांची असते. तोवर पूर ओसरतो आणि बातमीही मागे पडते. म्हणून अर्जाची तारीख वहीत लिहून ठेवावी.

पानातली उरलेली बरीचशी जागा व्हॉट्सअॅपवर आलेली प्रेसनोट खाते. कार्यक्रम काय झाला ते दोन ओळींत, ‘यांची उपस्थिती होती’ची यादी दहा ओळींत. नावं कापली की लोक रागावतात, हे खरंच. तालुक्याच्या अनेक वार्ताहरांचं उत्पन्न जाहिरातींच्या कमिशनवर चालतं आणि वाढदिवसाची जाहिरात देणारा बहुतेक वेळा त्याच यादीत असतो. त्यामुळे सगळा उपदेश वार्ताहरालाच करणं अन्यायाचं आहे.

वृत्तपत्रांच्या जिल्हा कार्यालयांनी वार्ताहराला शिवारात जाण्यापुरता पेट्रोलचा खर्च द्यावा. मंडळाचं नाव नसलेली पावसाची बातमी आली, तर उपसंपादकाने ती तशीच पानात न लावता फोन करून विचारावं: ‘कोणतं मंडळ, किती मिलिमीटर?’