विश्लेषण : धरण शेजारच्या राज्यात, पूर गोंदियात! जलविद्युत प्रकल्पाची ‘पर्यावरण परवानगी’ नेमके काय तपासते?

ऑगस्ट २०२०च्या अखेरीस वैनगंगेला आलेल्या पुराने गोंदिया, भंडारा आणि गडचिरोलीतील नदीकाठच्या गावांत पाणी शिरले. पाऊस होताच, त्यात भर पडली मध्य प्रदेशातील सिवनी जिल्ह्यातल्या संजय सरोवर धरणातून सोडलेल्या पाण्याची. धरण एका राज्यात आणि त्याचा फटका दुसऱ्या राज्यात, हे वैनगंगा खोऱ्याला नवे नाही. आता देशभरात जलविद्युत आणि ‘पंप्ड स्टोरेज’ प्रकल्पांची लगबग सुरू आहे. अशा प्रकल्पाला परवानगी देण्यापूर्वी होणारे ‘पर्यावरण परिणाम मूल्यांकन’, म्हणजेच ‘ईआयए’, खालच्या अंगाला राहणाऱ्या गावांचा विचार करते का?

‘ईआयए’ म्हणजे काय?

प्रकल्प उभा राहण्यापूर्वी त्याचा पाणी, जंगल, शेती, मासे, वन्यजीव आणि माणसांवर काय परिणाम होईल, याचा अभ्यास म्हणजे ईआयए. १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून धरण प्रकल्पांची अशी तपासणी होत असे, पण तिला कायद्याचे बळ नव्हते. १९८६च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली २७ जानेवारी १९९४ रोजी ती बंधनकारक झाली. सध्या १४ सप्टेंबर २००६ची अधिसूचना, नंतरच्या अनेक दुरुस्त्यांसह, लागू आहे. गोंदियातील इटियाडोह किंवा बाघ प्रकल्पातील धरणे त्याआधीची. त्यामुळे जिल्ह्यातील या मोठ्या धरणांचे आजच्या अर्थाने मूल्यांकन कधी झालेच नाही.

कोणत्या जलविद्युत प्रकल्पांना ते लागते?

५० मेगावॉट किंवा त्याहून मोठा प्रकल्प ‘अ’ गटात येतो आणि त्याची छाननी दिल्लीत केंद्राची तज्ज्ञ मूल्यांकन समिती करते. २५ ते ५० मेगावॉटचा प्रकल्प ‘ब’ गटात, म्हणजे राज्य पातळीवर. मात्र तो आंतरराज्य सीमेपासून किंवा अभयारण्यासारख्या संरक्षित क्षेत्रापासून पाच किलोमीटरच्या आत असेल, तर सर्वसाधारणपणे तोही दिल्लीकडे जातो. मध्य प्रदेश आणि छत्तीसगडला लागून असलेल्या, नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प पोटात असलेल्या गोंदियासाठी ही अट महत्त्वाची आहे.

२५ मेगावॉटच्या खाली काय?

तिथे ईआयए लागतच नाही आणि खरी मेख इथेच आहे. किती वीज तयार होईल, हे पाणी किती उंचीवरून पडते आणि किती वेगाने येते यावर ठरते. २० मीटर उंचीवरून सेकंदाला १०० घनमीटर, म्हणजे एक लाख लिटर पाणी सोडले, तरी जेमतेम १७-१८ मेगावॉट वीज मिळते. सह्याद्रीत शेकडो मीटरचा उतार मिळतो, म्हणून १९६० मेगावॉटचे कोयना उभे राहू शकले. पूर्व विदर्भातील सखल प्रदेशात इतकी उंची क्वचितच मिळते. म्हणून इथल्या धरणांवर वीजगृह उभारायचे ठरले, तर ते २५ मेगावॉटच्या आतच बसण्याची शक्यता अधिक. नदीतले पाणी प्रचंड असले तरी कागदावर प्रकल्प ‘लहान’ ठरतो आणि जनसुनावणीशिवाय पुढे सरकू शकतो. वनजमीन किंवा संरक्षित क्षेत्र लागत असेल तर वन आणि वन्यजीव परवानग्या मात्र वेगळ्या घ्याव्या लागतात.

प्रक्रिया कशी चालते?

आधी प्रकल्प कोणत्या गटात मोडतो ते ठरते. मग अभ्यासात काय काय असावे, याची कार्यकक्षा दिली जाते. सल्लागार संस्था अभ्यास करून मसुदा अहवाल बनवते, त्यावर जनसुनावणी होते आणि शेवटी तज्ज्ञ समिती शिफारस करते. सल्लागार संस्था मान्यताप्राप्त असावी लागते, पण तिचे मानधन प्रकल्प उभारणारी कंपनी किंवा विभागच देतो. ज्याची परीक्षा, त्यानेच परीक्षक नेमायचा, अशी टीका त्यामुळे होते.

अभ्यास कोणत्या ऋतूत झाला, हेही पाहावे लागते. महाराष्ट्रात सारस पक्षी आता प्रामुख्याने गोंदिया परिसरातच उरला आहे. तो धानाच्या बांध्यांत आणि तलावांच्या काठी पावसाळ्यात घरटे करतो. पाहणी फक्त उन्हाळ्यात केली, तर अहवालात सारस दिसेल, घरटे दिसणार नाही. म्हणूनच नदीखोरे प्रकल्पांसाठी एकाहून अधिक ऋतूंची माहिती मागितली जाते.

खालच्या गावांचा विचार होतो का?

होतो, पण मर्यादित. मंत्रालयाच्या नमुना कार्यकक्षेत प्रकल्पाच्या आसपासचा सुमारे दहा किलोमीटरचा पट्टा आणि खालच्या बाजूचाही साधारण तेवढाच भाग अभ्यासासाठी धरला जातो. संजय सरोवरातून सुटलेले पाणी मात्र संपूर्ण बालाघाट जिल्हा ओलांडून गोंदियाच्या सीमेवर येते. नकाशावरची रेघ दहा किलोमीटरवर थांबते, नदी थांबत नाही.

जलविद्युत प्रकल्पात हा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होतो. विजेची मागणी संध्याकाळी वाढते, तेव्हा टर्बाइन जोरात फिरवली जातात. इतर वेळी पाणी अडवले जाते. त्यामुळे खालची नदी एकाच दिवसात आटते आणि फुगते. मासेमारीवर जगणाऱ्या धीवर कुटुंबांना, नदीपात्रात टरबूज-काकडी लावणाऱ्यांना आणि पाणी पिणाऱ्या गुरांना याचा थेट त्रास होतो. उन्हाळ्यात सरासरी प्रवाहाच्या किमान २० टक्के आणि पावसाळ्यात ३० टक्के पाणी नदीत सोडावे, असा निकष तज्ज्ञ समिती सहसा लावते. पण दिवसाच्या कोणत्या वेळी किती सोडायचे, हा प्रश्न उरतोच.

दुसरी अडचण एकत्रित परिणामाची. प्रत्येक प्रकल्प सुटा तपासला जातो. एका खोऱ्यातील दहा धरणे एकाच दिवशी दरवाजे उघडतील तेव्हा काय होईल, हे एकट्या प्रकल्पाच्या अहवालात सापडत नाही. जून २०१३च्या उत्तराखंडातील महापुरानंतर सर्वोच्च न्यायालयाने तिथल्या जलविद्युत प्रकल्पांच्या एकत्रित परिणामाची तपासणी करायला सांगितली, ती याच कारणाने. ४ ऑक्टोबर २०२३ रोजी सिक्कीममध्ये हिमसरोवर फुटून तिस्ता नदीवरील १२०० मेगावॉटच्या प्रकल्पाचे धरण वाहून गेले, तेव्हा हाच प्रश्न पुन्हा समोर आला.

या खोऱ्याचा अनुभव काय सांगतो?

वैनगंगा पुढे वर्धा नदीला मिळून प्राणहिता होते आणि प्राणहिता गोदावरीला मिळते. त्याच टापूत इंद्रावतीवरील भोपालपट्टणम आणि गोदावरीवरील इंचमपल्ली हे दोन मोठे जलविद्युत प्रकल्प प्रस्तावित होते. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला आदिवासींनी त्यांना विरोध केला. बाबा आमटे या आंदोलनात उतरले आणि १९८३ मध्ये त्यांनी तत्कालीन पंतप्रधान इंदिरा गांधींना पत्र लिहिले. पुढे दोन्ही प्रकल्प मागे पडले. तेव्हा ना बंधनकारक ईआयए होते ना जनसुनावणी. रस्त्यावर उतरणे हीच सुनावणी होती.

त्याच भागात पुढे तेलंगणाचा कालेश्वरम प्रकल्प उभा राहिला. तो उपसा सिंचनाचा, पण नदीखोरे प्रकल्प म्हणून त्यालाही हीच अधिसूचना लागू होते. काम २०१६ मध्ये सुरू झाले, पर्यावरण परवानगी डिसेंबर २०१७ मध्ये मिळाली. काम आधी आणि परवानगी नंतर, हे कायद्याला धरून नाही, असे राष्ट्रीय हरित लवादाने ऑक्टोबर २०२० मध्ये म्हटले. तोवर मेडीगड्डा बंधारा बांधून झाला होता. त्याच्या फुगवट्याने शेती बुडते, अशी सिरोंचा तालुक्यातील शेतकऱ्यांची तक्रार आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्या बंधाऱ्याचे काही खांब खचले. म्हणजे कायदा नव्हता तेव्हा लोकांनी प्रकल्प थांबवले आणि कायदा आल्यावर प्रकल्प आधी झाला, निकाल मागून आला.

काम सुरू झाल्यावर परवानगी देता येते का?

सर्वोच्च न्यायालयाने १६ मे २०२५ रोजी अशा पश्चात परवानग्यांना मनाई केली होती. मात्र १८ नोव्हेंबर २०२५ रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने दोन विरुद्ध एक अशा मताने तो निकाल मागे घेतला. त्यामुळे ही पळवाट कायमची बंद झाली, असे आज म्हणता येत नाही.

गोंदियातील गावांच्या हाती काय आहे?

गोंदिया जिल्हा पाचव्या अनुसूचीत नाही. त्यामुळे शेजारच्या गडचिरोलीतील अनुसूचित क्षेत्रात भूसंपादनापूर्वी ग्रामसभेशी सल्लामसलतीचा जो हक्क ‘पेसा’ कायदा देतो, तो सालेकसा किंवा देवरीतील आदिवासी गावांना मिळत नाही. वनहक्क कायदा २००६ मात्र लागू आहे आणि सामूहिक वनहक्क मिळालेल्या ग्रामसभांना त्याचा आधार घेता येतो.

ईआयए लागणाऱ्या प्रकल्पात जनसुनावणी ही सर्वात मोठी संधी. तिची किमान ३० दिवसांची नोटीस वर्तमानपत्रात द्यावी लागते. जिल्हाधिकारी किंवा किमान अपर जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी तिथे अध्यक्षस्थानी असतो, प्रदूषण नियंत्रण मंडळ ती घेते आणि तिचे चित्रीकरण होते. अहवालाचा सारांश मराठीत मिळायलाच हवा. मसुदा अहवाल जिल्हाधिकारी कार्यालयात आणि जिल्हा परिषदेत पाहता येतो. प्रत्यक्ष बोलता आले नाही तरी लेखी हरकत देता येते. सुनावणीच्या शेवटी नोंदी लोकांच्या भाषेत वाचून दाखवाव्या लागतात. आपला मुद्दा त्यात आला की नाही, हे तिथेच तपासावे. परवानगी मिळाल्यावर हरित लवादाकडे ३० दिवसांत अपील करता येते. योग्य कारण असल्यास आणखी ६० दिवस मिळू शकतात.

प्रकल्प बालाघाट किंवा सिवनीत असेल, तर जनसुनावणीही तिकडेच होते. गोंदियातील शेतकऱ्याला तिथे कुणी बोलावत नाही. पण लेखी हरकत पाठवायला जिल्ह्याची सीमा आड येत नाही. अर्ज, कार्यकक्षा आणि अहवाल केंद्राच्या ‘परिवेश’ संकेतस्थळावर पाहता येतात. कार्यकक्षा ठरत असतानाच, ‘खालच्या बाजूचा अभ्यास गोंदियापर्यंत करा’ अशी मागणी ग्रामपंचायतीने ठराव करून पाठवली, तर ती कागदावर राहते. दरवाजे उघडल्यावर केलेल्या तक्रारीपेक्षा हा कागद पुढे न्यायालयात अधिक उपयोगी पडतो.