ताबा सोडू नका, काठी उचलू नका

अतिक्रमणाचा कायदा हा मोठ्या जमीनदारांचा कायदा आहे, ज्याच्यापाशी एक घर, एक परडे आणि दहा गुंठ्यांचे शेत आहे त्याने मुकाट्याने सोसावे, असा समज पेण आणि रोहा तालुक्यांतील आपल्या कित्येक कुटुंबांत घट्ट बसलेला आहे. हा समज धनदांडग्यांच्या फार सोयीचा आहे. म्हणूनच तो मोडून काढला पाहिजे.

या दोन तालुक्यांची स्थिती ध्यानी घ्या. एकीकडे मुंबई, दुसरीकडे खाडी आणि खारभूमी, मध्ये नागोठणे व धाटाव येथील कारखाने. जमीन मागणारे हात वाढले, तसा तिचा भावही वाढला. विशेष आर्थिक क्षेत्रासाठी पेण तालुक्यातील २२ गावांच्या जमिनींचा प्रश्न उभा राहिला, तेव्हा २१ सप्टेंबर २००८ रोजी शेतकऱ्यांचे मत सरकारला घ्यावे लागले. त्या वेळी गावेच्या गावे एक झाली होती. परंतु रातोरात सरकलेला बांध, परड्यात ठोकलेले खांब, वाटेवर ओढलेली काटेरी तार यांच्याशी एकट्या कुटुंबालाच झगडावे लागते, आणि तेथेच आपला माणूस हार खातो.

कायदा काय म्हणतो? १८६० च्या दंडसंहितेतील कलम ४४१ ची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२९ ने घेतली आहे. दुसऱ्याच्या ताब्यातील जागेत गुन्हा करण्याच्या, अथवा ताबेदारास धाकदपटशा, अपमान वा त्रास देण्याच्या उद्देशाने शिरणे, किंवा रीतसर आत येऊन त्याच उद्देशाने तेथे ठाण मांडणे, हा गुन्हा होय. शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. राहत्या घरात शिरल्यास कैद एक वर्षापर्यंत. या व्याख्येतील शब्द नीट पाहा. कायद्याने ‘मालकीची जागा’ म्हटलेले नाही, ‘ताब्यातील जागा’ म्हटले आहे. ज्याची वहिवाट शांतपणे चालू आहे, तो कितीही गरीब असो, या कलमाचे संरक्षण त्याला आहे.

दिवाणी कायदा याहून पुढे जातो. विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ याच्या कलम ६ प्रमाणे, ज्याला बेकायदेशीरपणे हुसकावून लावले त्याने सहा महिन्यांच्या आत दावा लावल्यास मालक कोण हा प्रश्न बाजूला ठेवून न्यायालय त्याला ताबा परत देऊ शकते. प्रत्यक्ष मालकालासुद्धा स्थिर ताबेदारास दांडगाईने बाहेर काढता येत नाही. मात्र शासनाविरुद्ध हे कलम चालत नाही. शेतजमिनीसाठी मामलतदार न्यायालय अधिनियम, १९०६ आहे. त्याखाली तहसीलदाराकडे अर्ज करता येतो, आणि मुदत तेथेही सहा महिन्यांचीच आहे. हे सहा महिने पंचांच्या बैठकांत आणि पुढाऱ्यांच्या आश्वासनांत घालवणे म्हणजे आपल्या हाताने आपला हक्क बुडवणे होय.

मग आपणच काठ्या घेऊन का धावू नये, असे तरुण विचारतात. अतिक्रमण चालू असताना ते रोखण्यापुरते बळ वापरण्याचा अधिकार कायद्याने दिलेला आहे. परंतु अधिकाऱ्यांकडे धाव घेण्यास अवसर असेल तर तो अधिकार उरत नाही, आणि गरजेपेक्षा अधिक इजा करण्याची मुभा तर कधीच नसते. दुसऱ्या दिवशी टोळी जमवून तार तोडणारा मनुष्य फिर्यादीचा आरोपी होतो, आणि शेत मात्र तारेच्या आतच राहते. आपल्याला डिवचणाऱ्यास नेमके हेच हवे असते.

याच जिल्ह्यात ‘येथे शिरण्याचा तुम्हांस हक्क नाही’ हे वाक्य कज्जाच्या रूपाने एकदा उच्चारले गेले आहे. १२ डिसेंबर १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याबद्दल सवर्णांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकर व त्यांच्या सहकाऱ्यांवर दावा लावला आणि तात्पुरता मनाईहुकूम मिळवला. हजारो सत्याग्रही जमलेले असताना बाबासाहेबांनी तो हुकूम मोडू दिला नाही. ते न्यायालयात लढले. १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयाने निकाल दिला की, वादींनी सांगितलेली अनादी काळाची वहिवाट सिद्ध झालेली नाही. नऊ वर्षांहून अधिक काळ लागला, पण तो निकाल पुन्हा कोणाला फिरवता आला नाही.

पोलीस ठाण्यात ‘ही दिवाणी बाब आहे’ असे उत्तर मिळते. दोन्ही बाजूंचा ताब्याचा दावा खरोखर वादग्रस्त असेल तर ते उत्तर योग्यही असेल. पण उघड घुसखोरी हा दखलपात्र गुन्हा आहे. शिवाय अनुसूचित जातीच्या व्यक्तीची जमीन गैरपणे बळकावणे, कसणे, तिला तीतून हुसकावणे वा तिचे पीक नासवणे हा १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम ३(१)(एफ) व (जी) खाली सहा महिने ते पाच वर्षे कैदेचा गुन्हा आहे. १९९० च्या दुरुस्तीपासून बौद्धांनाही अनुसूचित जातींचा दर्जा आहे; धर्मांतर केले म्हणून हे संरक्षण गेले, असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. ठाण्यात नोंद न घेतल्यास पोलीस अधीक्षकांना लेखी कळवा, त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जा.

परंतु बंधुभगिनींनो, सारा दोष परक्यांवर ढकलून चालणार नाही. आजोबा वारून तपे लोटली तरी सातबारावर त्यांचेच नाव, वारसनोंद नाही, मोजणी नाही, वाटणी तोंडी, आणि कर्ता मुलगा मुंबईस! उघड, अखंड व विरोधी कब्जा बारा वर्षे चालला की खाजगी मालकाचा हक्कच मुदतीच्या कायद्याने नष्ट होऊ शकतो. १९५८ च्या कायद्याने महार वतने खालसा होऊन ज्या जमिनी पुन्हा आपल्या नावे झाल्या, त्या जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून साध्या मुद्रांक कागदावर विकणारेही आपल्यातच निघाले. वारसनोंद करा, हद्द कायम मोजणी मागवा, पावत्या जपा, प्रत्येक अर्जाची पोच घ्या.

आणि एक गोष्ट विसरू नका. पेण-रोह्याच्या डोंगरउतारांवर कित्येक कातकरी वाड्या दुसऱ्याच्या नावावरील जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या उभ्या आहेत. त्यांना कोणी अतिक्रमक म्हटले तर त्या हाकेत आपला आवाज मिसळू नका. शेतमजुरांच्या राहत्या घरांना १९४८ च्या कुळकायद्याने संरक्षण दिलेले आहे. ताब्याचे जे तत्त्व आपले परडे वाचवते, तेच कातकऱ्याची झोपडी वाचवते. ते आपल्यापुरते मागून त्याला नाकारू, तर खोताच्या गादीवर केवळ नवा खोत बसेल.

बांध सरकला असेल, तर आजच तारीख लिहून ठेवा, आणि त्या तारखेपासून सहा महिने मोजा.