पहाटेचा खेळ आणि दुकानाची रौनक

व्यापारी बांधवहो, सिनेमावर लिहिण्याचे हे पान नव्हे. परंतु जी गोष्ट गिऱ्हाइकाला रात्री अंथरुणातून उठवते, ती आपल्या धंद्याचीही गोष्ट होय.

७ सप्टेंबर २०२३ रोजी शाहरुख खानचा 'जवान' लागला. कल्याणच्या आमच्या कपड्याच्या दुकानातील दोन पोरे रात्रभर जागून पहाटेच्या लोकलने वांद्र्याला गेली. दुपारी दुकानात आली तेव्हा डोळे लाल, घसा बसलेला, पण चेहरे ईदसारखे खुललेले. आधी आम्ही रागावलो. झोपही घालवायची आणि पैसाही, हा कसला शौक? मग त्यांची हकीकत ऐकली.

वांद्र्याचे गेइटी थिएटर १९७२ पासूनचे. तेथे पहिला खेळ दुपारी लावण्याचा रिवाज. जानेवारी २०२३ मध्ये 'पठाण'साठी तो सकाळी ९ वर आला आणि 'जवान'साठी थेट ६ वर. बाहेर ढोल, नाच, आणि अनोळखी पोरे एकमेकांच्या गळ्यात पडत होती. हे मुंबईपुरतेच नाही. २०१६ मध्ये 'सैराट'साठी सातारा जिल्ह्यातील रहिमतपुरात रात्री १२ आणि ३ चे खेळ लावावे लागले होते.

आता हिशेब पाहा. हाच 'जवान' आठ आठवड्यांनी, २ नोव्हेंबरला, घरबसल्या मोबाइलवर आला. म्हणजे माल तोच. पोरांनी दाम मोजले ते सोबतीचे.

गिऱ्हाईक मोबाइलवर कपडा मागवते, दुकानात फिरकत नाही, ही आज आपली रोजची तक्रार. भावात त्या मोठ्या कंपन्यांशी आपण किती दिवस झुंजणार? पण चांदरातीला मुंब्रा, भिवंडी, कल्याणच्या बाजारात पाय ठेवायला जागा नसते. स्वस्त मिळते म्हणून त्या रात्री कोणी घरी बसत नाही. उरलेले अकरा महिने मात्र आपण गल्ल्यावर वर्तमानपत्र वाचत बसतो. नवा माल एक दिवस ठरवून उघडावा, जुन्या गिऱ्हाइकांना आधी बोलवावे, चहा पाजावा. जरीकाम करणाऱ्या कारागिराला आतल्या खोलीतून काढून दर्शनी बसवावे. लोकांनी त्याचा हात चालताना पाहावा. हे मोबाइल देऊ शकत नाही.

एक इशाराही द्यायला हवा. ४ डिसेंबर २०२४ च्या रात्री हैदराबादच्या संध्या थिएटरात 'पुष्पा २'च्या खेळाला चेंगराचेंगरी होऊन एक महिला दगावली, तिचा लहान मुलगा गंभीर जखमी झाला. गर्दी बोलावणाऱ्याने वाटही मोकळी ठेवली पाहिजे. चांदरातीला आपणच माल रस्त्यावर मांडून वाट अडवतो आणि त्याच गर्दीत आपल्याच आया-बहिणी लेकरे कडेवर घेऊन चालत असतात. ही सवय सोडावी.

पोरांच्या शौकाला हसण्यापूर्वी त्यांच्याकडून एवढे शिकून घ्यावे, असे आमचे मत आहे.