शंभरीचे रहस्य विचारायचे कुणाला?

दिवाळी अंक आणि दीर्घायुष्यावरचा लेख यांचे नाते जुने आहे. शंभरी गाठलेल्या आजोबांना त्यांचे रहस्य विचारायचे. मग कुणी पहाटेचे फिरणे सांगतो, कुणी ज्वारीची भाकरी, एखादा मिश्कीलपणे तंबाखूसुद्धा. वाचायला हे गोड वाटते, पण पुरावा म्हणून लंगडे आहे. तीच भाकरी खाऊन साठीच्या आत गेलेल्यांची मुलाखत कुणी घेतलेली नसते. शिवाय वय तरी खरे कशावरून? जपानसारख्या काटेकोर देशात २०१० साली उघडकीस आले, की कुटुंबनोंदीत हयात असलेल्या दोन लाखांहून अधिक शतायुषींचा पत्ताच लागत नाही. आपल्या जनगणनेत तर शून्य आणि पाचवर संपणाऱ्या वयांचीच गर्दी असते.

त्यापेक्षा माणसे म्हातारी होण्याआधीच गाठावीत आणि पुन्हा पुन्हा तपासावीत. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या पुढाकाराने २०१७-१८ मध्ये झालेल्या ‘लासी’ पाहणीच्या पहिल्या फेरीत पंचेचाळीस वर्षांवरील व्यक्ती आणि त्यांचे जोडीदार अशा ७२ हजारांहून अधिक भारतीयांची माहिती घेतली गेली. नुसते ‘तब्येत कशी आहे’ असे विचारून न थांबता रक्तदाब, मुठीची पकड, स्मरणशक्तीही मोजली. तरीही पेच उरतोच: चालणारे चालल्यामुळे ठणठणीत असतात, की ठणठणीत असल्यामुळे चालू शकतात? तो सोडवायला, जिथे शक्य असेल तिथे, चिठ्ठ्या टाकून गट पाडावे लागतात. ‘ॲस्प्री’ चाचणीत ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतील १९,११४ निरोगी वृद्धांपैकी निम्म्यांना रोज अल्प मात्रेतील ॲस्पिरिन दिले, निम्म्यांना तशीच दिसणारी औषधहीन गोळी. मोजले ते नुसते आयुष्य नव्हे, तर स्मृतिभ्रंश आणि परावलंबित्व टाळून जगलेली वर्षे. २०१८ मध्ये निष्कर्ष आला: ती वर्षे वाढली नाहीत, रक्तस्राव मात्र वाढला.

यात फार वेळ आणि पैसा जातो, हा आक्षेप रास्त आहे. पण निरुपयोगी गोळी वर्षानुवर्षे घेत राहणेही फुकट पडत नाही. चाचण्यांत धडधाकट म्हातारेच घेतले जातात, हा आक्षेप मला अधिक बोचतो. मधुमेह, गुडघेदुखी आणि मोतीबिंदू एकत्र सांभाळणाऱ्या आजींना त्यातले किती लागू पडणार? पाहणीतही पुढच्या फेरीला गळतात ते बहुधा अंथरुणाला खिळलेले किंवा मुलाकडे दुसऱ्या गावी गेलेले. त्यांना शोधून घरी जाऊन तपासण्याचा खर्च प्रत्येक पाहणीच्या अंदाजपत्रकात आधीच धरायला हवा. तो वाचवला, तर उरलेल्यांच्या आकड्यांवरून देश आहे त्याहून निरोगी दिसेल.