चामड्याच्या वासाला पैकीच्या पैकी मार्क

चामड्याचा वास. ओल्या मातीचा वास. गोठ्याचा वास. वर मिरीचा ठसका.

दोस्तांनो, या शिव्या नाहीत. ही तारीफ आहे. हातानं वळलेली भारी सिगार ओढून तिला मार्क देणारे जे परीक्षक असतात, त्यांच्या कोशातले हे मानाचे शब्द. १९९२ साली अमेरिकेत खास सिगारचं नियतकालिक निघालं. त्यात शंभरपैकी मार्क देतात. चामड्याचा वास निघाला की परीक्षक मान डोलावतो. गोठ्याचा निघाला की डोळे मिटतो.

आता मी विचारतो. हाच वास ढोरवाड्यातून आला तेव्हा नाकाला उपरण्याचं टोक कुणी लावलं? मेलेलं ढोर ओढणाऱ्या, कातडं कमावणाऱ्या आमच्या बापाच्या अंगाला हाच वास होता. त्याला गावकुसाबाहेर ठेवलं. आणि शेठच्या ओठातल्या पानाला तोच वास आला की तो भारदस्त! वास तोच. फरक फक्त तोंड कुणाचं, एवढाच.

ही तंबाखूची जाहिरात नाही. तंबाखूनं खोकून मेलेली माणसं आपल्याच वस्तीत आहेत. ओढू नका. पण चव ठरवायचा मक्ता कुणाच्या हातात आहे, ते नीट समजून घ्या.

परीक्षेची रीत अशी. आधी सिगारवरची कागदी पट्टी काढायची. कंपनीचं नाव दिसलं तर परीक्षकाचं मन फितूर होईल म्हणून. मग बोटांनी दाबून बघायचं, कुठं पोकळ, कुठं गाठ. न पेटवता एक दम ओढायचा. मग पेटवायची. धूर छातीत घ्यायचा नाही. तोंडात घोळवायचा आणि सोडून द्यायचा. मिनिटाला एखादा झुरका. सिगारचे मनात तीन हिस्से करायचे, प्रत्येक हिश्शाची चव वेगळी लिहायची. जळणं सरळ आहे का, राख घट्ट धरून राहते का, तेही लिहायचं. दिसणं, बांधणी, ओढ, चव, एकूण छाप. मार बेरीज.

मालकाचं नाव झाकलं की परीक्षा निःपक्ष झाली म्हणे! पण वळणाराचं नाव झाकायची वेळच येत नाही. पट्टीवर ते कधी लिहिलेलंच नसतं.

आमच्या सूतगिरणीत मशीन बसवायला एक परदेशी मिस्त्री आला होता. जाताना खात्यातल्या चौघांत मिळून हवानाची एक सिगार देऊन गेला. अर्धी आम्ही ओढली. ठसका लागला, जीभ कडू झाली. उरलेली मी ब्लेडनं उभी चिरली. कारण चव कुठून येते ते तोंडाला कळत नाही, हाताला कळतं.

आत चुरा नव्हता. लांबच्या लांब पानं, चुण्या घालून शेजारी शेजारी ठेवलेली, मधून हवेला वाट. त्यांना धरून ठेवणारं एक पान. आणि त्यावर कातडीसारखं चापून बसलेलं शेवटचं पान. पुढं मी वाचून काढलं. झाडाच्या शेंड्याचं पान जाड आणि जहाल, सावकाश जळतं, म्हणून ते मधोमध. मधलं पान वास देतं. बुडातलं हलकं पान पेट धरतं. हे सगळं लाकडी फळीवर, एका चपट्या पात्यानं, बोटांच्या अंदाजानं. मी रिंग खात्यातला माणूस. धागा जाड-बारीक पडला की तुटतो, हे मला माहीत आहे. इथं पान जाड-बारीक बसलं तर ओढ मरते. मी त्या सिगारला शंभर मार्क दिले. सगळे हाताला.

क्यूबात १८८६ पर्यंत गुलामगिरी होती. तंबाखूच्या मळ्यांत आणि कारखान्यांत गुलामही राबले. काळ्या हातानं वळलेलं गोऱ्या ओठात बिनबोभाट गेलं. आपल्याकडे काय झालं? मुंबईच्या गिरण्यांत साचेखात्यात आपल्या माणसाला उभं करत नसत. तिथं पगार जास्त. पण धागा धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढून घ्यावा लागे, आणि अस्पृश्याच्या तोंडाला लागलेला धागा सवर्ण कामगाराला चालत नसे. तो कामगारच होता, बरं का, भांडवलदार नव्हे! १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा सवाल पुढाऱ्यांच्या तोंडावर टाकला.

हात चालतो. तोंड चालत नाही. राब, पण चाखू नको. बनव, पण बरं-वाईट सांगू नको. क्यूबा असो की परळ, कायदा हाच.

आणि साहित्यात वेगळं काय आहे? प्रस्थापित समीक्षक आमची कविता अशीच ओढतो. ‘मातीचा गंध.’ ‘रांगडा बाज.’ ‘जळजळीत अनुभव.’ तोंडात घोळवतो, छातीत घेत नाही. छातीत घेतली तर घर सोडावं लागेल, जानवं सोडावं लागेल. म्हणून राख झटकतो, मार्क देतो, पुढची पेटवतो. आणि आपली काही पोरं त्या मार्कांसाठी कवितेत मुद्दाम चामडं भरायला लागलीत!

दुसरीकडं बीडी बघा. तीही हातानंच वळतात. १९६६ साली कायदा झाला तेव्हा बीडी कामगार आणि सिगार कामगार एकाच नावात बसवले. पण बीडीला परीक्षक नाही, छाट आहे. मांडीवर सूप घेऊन बाई दिवसभर तेंदूचं पान कापते, वळते, हजारावर मजुरी मोजून घेते. मुनीम जुडी उचलतो, बोट फिरवतो, ‘एवढ्या छाट’ म्हणतो. तेवढी मजुरी गेली. हीही हातानं वळलेल्या मालाची परीक्षाच. चव नाही, मार्क नाहीत, नुसती कात्री.

मग करायचं काय? उत्तर सिगारच्याच कारखान्यात आहे. १८६५ साली हवानाच्या एल फिगारो कारखान्यात कामगारांनी आपल्यातला एक वाचायला बसवला. हात गुंतलेले, कान मोकळे. त्याची मजुरी मालकानं नाही, वळणाऱ्यांनी वर्गणी काढून भरली. त्याच साली सातुर्निनो मार्तिनेस यानं ‘ला अउरोरा’ हे कामगारांचं साप्ताहिक काढलं. हा माणूस सिगार वळायचा आणि कविता करायचा. १८६६ साली सरकारनं कारखान्यातल्या वाचनावर बंदी घातली. का घातली, ते तुम्हाला सांगायला नको. वाचन पुन्हा उभं राहिलं. फ्लोरिडातल्या टॅम्पा शहरात १९३१ साली मालकांनी वाचणारे हाकलले तेव्हा कामगारांनी संप केला. हरले. वाचणाऱ्याच्या जागी रेडिओ आला. पण क्यूबात वाचणारा टिकला.

१९३५ साली ‘मोन्तेक्रिस्तो’ नावाची सिगार निघाली. ते नाव ड्युमाच्या कादंबरीतलं. निरपराध कैदी तुरुंग फोडतो आणि हिशेब चुकते करतो, ती गोष्ट वळणाऱ्यांना ऐकायला फार आवडायची. परीक्षक जी पट्टी काढून बाजूला ठेवतो ना, तिच्यावरचं नाव कामगारांच्या कानांनी दिलेलं आहे.

आणि आपल्याकडं? कामठीच्या बाबू हरदासांनी बीडी कामगारांची संघटना बांधली. १९३७ साली स्वतंत्र मजूर पक्षातर्फे निवडून गेले, १९३९ साली ऐन पस्तिशीत वारले. ‘जयभीम’ त्यांनी रूढ केलं. बीडी वळणाऱ्यांत राबलेल्या माणसानं दिलेला शब्द आज आपल्या प्रत्येकाच्या तोंडात आहे. त्याला कुठल्या परीक्षकानं मार्क दिले होते?

तेव्हा गड्यांनो, पुरस्काराच्या दारात रांग लावू नका. जिथं हात गुंतलेत आणि कान मोकळे आहेत तिथं जा. बीडीच्या सुपाशी बसा. बाबासाहेबांचं एक प्रकरण वाचा. मग आपली कविता वाचा. बाईनं कात्री थांबवून ‘परत वाच’ म्हटलं तर पास.

कात्री तशीच चालू राहिली, तर छाट.